पसंतीक्रम

खेरवाडीची अभ्यासिका, रात्रीचे साडेनऊ.
पंखा तीनवर अडकलाय आणि स्क्रीनवर
पदांची रांग माझ्यासमोर उभी.
सहा वर्षं रांगेत मी होते.

तांबे वैजयंती भिकाजी.
आडनाव आधी, बाप शेवटी, अध्येमध्ये मी.
खाली सूचना: एकदा सादर केलेला पसंतीक्रम
कोणत्याही कारणास्तव बदलता येणार नाही.

फैजान मुकादम म्हणतो, विचार कसला करतेस?
एक नंबर उपजिल्हाधिकारी, दोन नंबर डीवायएसपी.
त्याचं दोन नंबर दीड सेंटिमीटरने गेलं,
तेव्हापासून तो ते दुसऱ्यांच्या अर्जात भरत असतो.
तेजल म्हणते, कक्ष अधिकारी घे गं,
मंत्रालय, एसी, मुंबई सुटत नाही.
मामाने फोनवर आवाज खाली आणला:
राज्यकर बघ. माझगाव.
पुढचं त्याने खोकल्यात सांगितलं.

भारतनगरला घरी आले तर
अप्पा जेवून आपलं ताट धूत होते.
बोटांची टोकं काळपट.
कार्बन पेपर कधीच गेला, शाई राहिली.

एकतीस वर्षं कलेक्टर कचेरीबाहेर
निळ्या ताडपत्रीखाली त्यांचं टंकयंत्र.
आता शेजारच्या पोराकडे प्रिंटर आहे,
पण मजकूर तोही अप्पांनाच विचारतो.
प्रति, मा. तहसीलदार साहेब.
प्रति, मा. उपअधीक्षक, भूमी अभिलेख.
माझ्या यादीतलं एकही पद असं नाही
जे त्यांनी कागदाच्या डाव्या कोपऱ्यात बसवलेलं नाही.
'मा.' लावल्याशिवाय त्यांना
यातलं एकही उच्चारता येत नाही.

मी मोबाइल पुढे धरला. तुम्ही सांगा.
त्यांनी चष्मा शोधला, गळ्यातच होता.
पगार विचारला नाही. गाडीही नाही.
म्हणाले, ह्याच्या दाराबाहेर बाक आहे का?

तहसीलदारांकडे आहे, एक पाय मोडका.
दाखल्याला एरवी तीन फेऱ्या, जूनमध्ये पाच.
पोलिसांचा अर्ज बायका पुटपुटत सांगतात,
मला कान जवळ न्यावा लागतो,
आणि यंत्र मात्र खडखड वाजतं, सगळ्यांना ऐकू जातं.
उपजिल्हाधिकारी?
साहेब मीटिंगला गेलेत. एवढंच माहीत.

भूमी अभिलेखवर त्यांचं बोट थांबलं.
कलिन्याचे परेरा यायचे, मोजणीसाठी, दर मंगळवारी.
मग त्यांचा मुलगा यायला लागला.
आता नातू येतो, कानात काहीतरी घालून.
अर्ज तोच आहे.
मी फक्त अर्जदाराचं वय बदलतो.

मग पहिलं कुठलं लिहू?
ते हसले. मला काय विचारतेस,
मी बाहेर बसतो.

अकरा वाजून चाळीस.
पहिलं उपजिल्हाधिकारीच लिहिलं. मोह आहे,
खोटं कशाला बोलू? लाल दिवा गेला तरी
डोक्यातला अजून फिरतो.
दुसरं, भूमी अभिलेख.
फैजान कपाळावर हात मारून घेईल,
कटऑफ बघितलास का म्हणेल.
परेरांचा नातू मला ओळखत नाही, ते बरं आहे.
राज्यकरसमोर 'इच्छुक नाही' लिहिणार होते,
पण आईच्या डायलिसिसचं बिल
फ्रिजवर चुंबकाने लावलेलं, समोरच.
ठेवलं. नवव्या क्रमांकावर.
मामाचा खोकला आठवला, तरी ठेवलं.

सादर करा.
गोल फिरत राहिला, फिरत राहिला,
अकरा छप्पनला पावती आली.

अप्पांनी ती ओळीओळीने वाचली,
बोट ठेवून, एकतीस वर्षांच्या सवयीने.
'भूमी'तला भू ह्यांनी ऱ्हस्व छापलाय, म्हणाले,
दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल.
प्रति, मा. सचिव.
एका पानाचे तीस होतात.
तू वीस दे.